दादऱ्यात दादरा, तारप्यावर रॅप

तिकीट गाण्याचं, खरेदी शस्त्रांची! १९५४ मध्ये पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला आणि त्याची कमाई गेली दमणगंगेकाठचा एक पोर्तुगीज मुलूख सोडवायच्या कामी. मुलखाचं नाव दादरा आणि नगर हवेली. मुख्य ठाणं सिल्वासा, तिथल्या माणसांच्या तोंडी सेलवास. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते मोकळं झालं.

हा कार्यक्रम जुळवून आणणारे होते सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी. आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशा साथीदारांबरोबर स्वतः मोहिमेत उतरले. मोहिमेत संघाचे स्वयंसेवक होते, आझाद गोमंतक दलाचे तरुण होते, वेगळ्या वाटेने आलेले कम्युनिस्टही होते. चाल लावणारा माणूस चाल करून गेला!

गाव बघून गाणं सुचतं, हे नेहमीचं. इथे गाण्याच्या हातभाराने गाव सुटलं. म्हणून जुनं संगीत नव्या संगीतात कुठे आणि कसं जाऊन बसतं, याचा शोध घ्यायचा तर सुरुवात सिल्वासापासूनच करायला हवी. वापी स्टेशनवर उतरा, रिक्षात बसा आणि कान उघडे ठेवा.

लतादीदींचं घर आणि सिल्वासाचा नकाशा

लतादीदी तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांचं आडनाव आलं गोव्यातल्या मंगेशीवरून, आणि १९५४ मध्ये मंगेशी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. गोवा सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. म्हणजे स्वतःच्या वडिलांचं गाव अजून पारतंत्र्यात असताना ही मुलगी दुसऱ्या पोर्तुगीज मुलखासाठी गात होती.

त्यांचं आजोळ मात्र खानदेशातल्या थाळनेरचं, गुजराती घराचं. आजीकडून त्या लहानपणी गुजराती लोकगीतं आणि गरबे शिकल्या. वडिलांकडून, मास्टर दीनानाथांकडून, आलं नाट्यसंगीत. आता सिल्वासाचा बाजार डोळ्यांसमोर आणा: एका दुकानात मराठी, दुसऱ्यात गुजराती, आणि सगळ्यावर पोर्तुगीज अमलाची जुनी छाया. मंगेशकरांच्या घरातल्या वारशाचा आणि या गावाचा नकाशा जवळपास एकच निघतो.

आठ महिन्यांत रामायण

सिल्वासा सुटलं त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली बाबूजींच्या. वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत.

हा साचा ओळखीचा वाटतो ना? गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगायची, दर भागाला नवा रंग, आणि पुढच्या भागाची हुरहूर. आजच्या मालिका आणि सिरीज हेच करतात. पण बाबूजी-गदिमांनी तो साचा आणला मागून, आपल्या कीर्तनातून आणि आख्यानातून. कीर्तनकार देवळात जे करायचा, ते त्यांनी रेडिओत बसून केलं. रागदारी होती, पण रागाचं ओझं नव्हतं. ऐकणाऱ्याला राग ओळखता आला नाही तरी राम दिसायचा.

गीतरामायणाचे गुजराती, हिंदी, कानडी अशा कितीतरी भाषांत अनुवाद झाले, आणि ते मूळ चालीत गाता येतील असे बेतून झाले. भाषा बदलली, चाल तशीच राहिली! बाबूजी २००२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके आजही ही गाणी मंचावरून गातात, आणि २०२४ मध्ये ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हा चित्रपटही आला. सिनेमा बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोहिमेवर जाणारा आणि रामाच्या वनवासाला चाल लावणारा माणूस एकच होता, आणि मधे फक्त एक हिवाळा गेला होता.

पेटीवर बंदी, ऑटोट्यूनला मोकळीक

गीतरामायण गाजलं त्या काळात आकाशवाणीवर पेटीच्या साथीला बंदी होती. १९४० मध्ये घातलेली ही बंदी थेट १९७१ मध्ये सैल झाली. आक्षेप काय होता? पेटी परदेशी, तिच्यातून मींड निघत नाही, आणि ती सुरांना ठरावीक खणांत कोंबते.

पेटी मूळची युरोपातली, खरं. पायाने हवा भरायची ती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात तिला जमिनीवर बसवलं, हाताने भाता मारायची सोय केली, आणि ती भजनापासून नाटकापर्यंत सगळीकडे घुसली. पुढे गीतरामायणाच्या मंचावर बाबूजी स्वतः पेटी वाजवत गात.

आता हाच आक्षेप ऑटोट्यूनवर घेतला जातो: सूर ठोकळ्यात बसवतो, गळ्यातली वळणं कापून टाकतो. ऑटोट्यून बनवणारे अँडी हिल्डेब्रँड मुळात तेलकंपन्यांसाठी काम करत. जमिनीत धक्का द्यायचा, परत येणाऱ्या लहरींवरून तेल कुठे आहे ते हुडकायचं. तेच गणित त्यांनी १९९७ मध्ये माणसाच्या गळ्यावर वापरलं. माझं मत विचाराल तर पेटी सुटली, कारण चांगल्या वाजवणाऱ्यांनी तिच्या खणांमधली फट भरून काढायची युक्ती शोधली. ऑटोट्यूनलाही, पेटीला भेटले तसे, कोणी गोविंदराव टेंबे भेटायला हवेत.

गाव दादरा, ताल दादरा

दादरा हे या मुलखातलं गाव, वापीहून येताना आधी लागणारं. आणि दादरा हा सहा मात्रांचा ताल: धा धिं ना, धा तिं ना. त्याच नावाचा गायनप्रकारही आहे, ठुमरीची धाकटी, अवखळ बहीण. नावं सारखी असणं हा योगायोग, पण किती गोड योगायोग!

त्यातून पुढचं ऐका. दादरा गाण्याचं माहेर बनारस-लखनौकडचं. आणि दादरा-सिल्वासाच्या कारखान्यांत आज कामाला आलेल्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसं भरपूर आहेत. पाळी संपली की खोलीवर मोबाइलमध्ये भोजपुरी गाणं लागतं, आणि त्यात कजरी-चैतीचे पिढीजात तुकडे नव्या ढोलकीवर नाचत असतात. दादरा शेवटी दादऱ्यात आला, तोही रेल्वेने.

मराठी घरात हा प्रकार पोहोचवला शोभा गुर्टू यांनी. जन्म बेळगावचा, १९२५ चा. आई मेनकाबाई शिरोडकर गोव्याकडच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. आईकडचा ख्याल आणि पूरबची ठुमरी एकाच गळ्यात बसवून शोभाताई ‘पाकीजा’सारख्या सिनेमातही गायल्या. आणि सहा मात्रांचं काय? तीन-तीनच्या दोन हेलकाव्यांचा हा ताल पाळण्यातही चालतो, भावगीतातही चालतो, आणि वॉल्ट्झवर नाचणाऱ्या युरोपीय माणसाच्या पायालाही तो परका वाटत नाही.

तारपा : मूळचा डीजे

इथे जरा बसू या, कारण सिल्वासाचा खरा मालक हाच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीत निम्म्याहून जास्त लोक आदिवासी: वारली, कोकणा, धोडिया आणि इतर. आणि वारल्यांचं वाद्य म्हणजे तारपा.

तो कुठल्या कारखान्यात बनत नाही. भोपळा वाळवून पोकळ करायचा. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, नळ्यांना बोटांसाठी भोकं. आत जिभल्या. सांधे मेणाने बुजवायचे. आणि टोकाला ताडाच्या पानांचा भलामोठा कर्णा. तारपा हातभराचा असतो, माणसाएवढाही असतो. शेत, रान आणि मधाचं पोळं एवढ्या तीन ठिकाणी फिरलं की सगळं सामान जमतं.

भाताची कापणी उरकली की रात्री तारपा निघतो. वाजवणारा मधे. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरणारे. वादकाने सूर बदलला की पुढचा नाचणारा दिशा बदलतो आणि त्याच्यामागे सगळी साखळी वळते. तारप्याकडे पाठ कोणी करत नाही. पुंगीवाल्यापुढे नाग डोलावा तशी ती माणसांची रांग वेटोळं घालते आणि सोडते. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी तांदळाच्या पांढऱ्या रंगात हे वेटोळं जगभर नेलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चहाच्या कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर जे गोल फिरणारे काटकुळे लोक आपण रोज बघतो, ते सगळे एका वाद्याच्या हुकमावर नाचताहेत. कपावर आवाज उमटत नाही एवढंच.

लग्नातला डीजे काय करतो? पुढ्यातली गर्दी बघतो, गाणं बदलतो, आणि गर्दी वळते. तारपकरी हे काम विजेशिवाय करतो. फरक एक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. डीजे भिंतीशी उभा असतो, तारपकरी मधोमध. गर्दीचा मध्य त्याच्यापाशी असतो, आणि तो चालू लागला की मध्यही चालू लागतो.

दमाचं काय? रात्र रात्र वाजवायचं म्हणजे श्वास घ्यायला थांबायची सोय नाही. तारपकरी गाल फुगवून त्यातली हवा नळीत सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास भरतो. सूर तुटत नाही. अमेरिकेचा सॅक्सोफोनवाला केनी जी याने १९९७ मध्ये हीच युक्ती वापरून एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला, तेव्हा गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आमच्या डहाणू-जव्हार-सिल्वासा पट्ट्यातल्या पाड्यांवर ही विद्या कापणीच्या प्रत्येक हंगामात विनानोंद चालू असते.

नोंद झालीच नाही असंही नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडून तारपा वाजवत राहिले, आणि २०२६ च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. भोपळ्याच्या वाद्याला मिळालेला हा मान उशिरा आला, पण योग्य माणसाला आला.

नागीण आणि तिचा फ्रेंच बाप

आता पुंगीचा विषय निघालाच आहे. तारपा आणि पुंगी नात्याने भाऊ: दोघांच्या पोटात भोपळा, दोघांच्या नळ्यांत जिभल्या. आणि वऱ्हाडात रुमाल तोंडात धरून जो नागीण डान्स होतो, त्याची धून कुठली? १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमातली. सिल्वासा सुटलं तेच साल!

गंमत अशी की त्या सिनेमातली बीन ही बीन नव्हती. संगीतकार हेमंतकुमार यांच्या हाताखाली तेव्हा दोन मदतनीस होते. कल्याणजी क्लॅव्हिओलिन वाजवत होते आणि रवी हार्मोनियम. दोन्ही मिळून पडद्यावरचा नाग डोलला. पुढे कल्याणजी (आनंदजींच्या जोडीने) आणि रवी, दोघंही मोठे संगीतकार झाले. क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं छोटं वाद्य, फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेलं. बीटल्सनी ते आपल्या गाण्यात घेतलं १९६७ मध्ये. आपण तेरा वर्षं पुढे होतो.

साखळी बघा. भोपळ्याची पुंगी, तिची नक्कल करणारं फ्रेंच यंत्र, त्या यंत्राची नक्कल करणारा बँडवाल्याचा क्लॅरिनेट, आणि त्या क्लॅरिनेटची नक्कल करणारा आजचा कीबोर्ड. इथल्या खानवेल गावच्या एखाद्या वरातीत कीबोर्डवर नागीण वाजते तेव्हा चार पिढ्यांची नक्कल घरी परत आलेली असते, जिथे भोपळ्याचं मूळ वाद्य अजून जिवंत आहे.

जपानी बेंजो

वरात निघालीच आहे तर बेंजो पार्टीही ऐकू. मुंबई-पालघर पट्ट्यात गणपती, हळद, वरात यांत जो ‘बेंजो’ कडाडतो, तो अमेरिकेतला बँजो नव्हे. त्याचं जुनं नाव बुलबुल तरंग आणि माहेर जपान! १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि ‘ताइशोगोतो’ तयार केलं. हे वाद्य समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं, त्याला बुलबुल तरंग म्हणू लागले, मग मुंबईच्या गल्ल्यांत त्याला बेंजो नाव पडलं, आणि कोळीगीतांची सुरावट त्यावर चपखल बसली. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाही केला. जपानी माणसाने शांत दिवाणखान्यासाठी केलेलं वाद्य आपण ताशाच्या बरोबरीने रस्त्यावर उतरवलं, याचा मला अभिमान वाटतो.

वारलीचं बंड, रॅपच्या ठेक्यात

२०१९ मध्ये ‘स्वदेशी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने एक गाणं काढलं, ‘द वारली रिव्होल्ट’. गोरेगावच्या आरे जंगलातली झाडं वाचवण्याचा लढा पेटला होता. गटाबरोबर त्यात उतरले आरेच्याच पाड्यावरचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर. जंगलात राहणाऱ्या माणसाचा आवाज आणि शहरी रॅपर यांची गाठ त्या गाण्यात पडते. ‘स्वदेशी’तले एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करत, एमसी मवाली मराठी-हिंदीत. ही भाषांची सरमिसळ सिल्वासाच्या रस्त्यावरचीच. एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार २०२२ मध्ये फार लवकर गेला. त्याचं जाणं चटका लावून गेलं.

गाण्याच्या नावातला ‘वारली रिव्होल्ट’ मोठ्या इतिहासाची आठवण करून देतो. १९४५ ते १९४७ या काळात सिल्वासाच्या शेजारच्या तलासरी, उंबरगाव, डहाणू भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. नेतृत्व गोदावरी आणि शामराव परुळेकर यांचं. गोदाताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे रॅप ऐकताना त्या पुस्तकाची पानं आठवल्याशिवाय राहत नाहीत. वाचलं नसेल तर आधी ते वाचा, मग गाणं ऐका. हा क्रम बदलू नका.

आणि रॅप आपल्याला नवा थोडाच आहे? शाहीर अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला तो शिवकाळात. डफ, तुणतुणं, वेगाने फेकलेले शब्द, दर कडव्याला श्रोत्यांना दिलेली हाळी, आणि ताजी बातमी लोकांपर्यंत पोहोचवायची घाई. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी तीच घाई संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांवर आणली. रॅपर ज्याला ‘फ्लो’ म्हणतो त्याला आपले शाहीर फेक म्हणत.

दुधवाल्या गवळ्याची भूपाळी आणि शिकागोचं नाचघर

मराठे आणि पोर्तुगीज यांच्या तहातून नगर हवेली १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं, त्याची ती भरपाई. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. पुण्यात पेशवाई तेव्हा नांदती होती, आणि तिच्या उत्तरार्धात तिथे होनाजी बाळा गाजत होते.

होनाजी बाळा हे एक माणूस नव्हे! होनाजी गवळी कवनं रचायचे आणि बाळा कारंजकर ती गायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल, अजय-अतुल यांच्या फार आधीची ही मराठी जोडी. होनाजींची भूपाळी शांतारामबापूंनी १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त घेतली, संगीत वसंत देसाईंचं, आणि १९५२ मध्ये कान महोत्सवात या सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. पेशवाईतल्या पहाटेचा आवाज फ्रान्सच्या समुद्रकिनारी पोहोचला.

भूपाळीला ज्या रागाने आपलं नाव दिलं, तो भूप फक्त पाच सुरांचा. आता उडी मारा १९८२ मध्ये. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी एक तबकडी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. सगळं विजेच्या यंत्रांवर. त्या दहांत भूपाळी आहे, यमन आहे, मालकंसही आहे. तबकडी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच जातीच्या यंत्रावर ‘ॲसिड हाऊस’ नावाचं नाचाचं संगीत घडवलं आणि जग वेडं झालं. २०१० मध्ये चरणजितजींची तबकडी युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले: हे तर पाच वर्षं आधीच मुंबईत होऊन गेलंय!

हे घडलं कसं? अगदी सरळ आहे. रागात खालचा आधार सूर कायम, वर मोजके सूर फिरत राहतात. यंत्रावरच्या नाचाच्या संगीतातही तेच: आधार कायम, वर छोटी सुरावट फिरते. चरणजितजींनी तानपुऱ्याच्या जागी यंत्राची गुणगुण ठेवली. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगतो, पहाटे पाचला भूपाळी ऐका आणि रात्री अकराला चरणजितजींचा भूप. दोन्ही वेळा तेच पाच सूर तुमचा हात धरतात.

आधार सुराचा विषय निघाला म्हणून डांग-नाशिककडच्या कोकणा-वारल्यांची थाळीकथा सांगायलाच हवी. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमते, थांबत नाही, आणि त्या घुमण्यावर रात्रभर कथा चालते. एक काडी, थोडं मेण, आणि तानपुरा तयार.

चर्च आणि हॉलिवूड

सिल्वासात पोर्तुगीज काळातलं चर्च आजही उभं आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चशेजारी ज्या शाळा काढल्या, तिथे पोरं व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकली. त्यांच्या पुढच्या पिढ्या मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव थेट गाण्यात आलं. देश नाचला, पण हे नाव एका खऱ्या वादकाचं आहे हे फार थोड्यांना कळलं.

या अँथनींनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात राग आणि सिंफनी एकत्र बांधून मोठा वाद्यवृंद उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुन्हा लतादीदी! त्यानंतर ५८ वर्षांनी, २०१६ मध्ये, अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ध्वनिमुद्रित केली आणि तिला हलगीच्या शेजारी बसवलं. अँथनी २०१२ मध्ये गेले. अजून चार वर्षं लाभली असती, तर त्यांनी ती ऐकली असती.

नाट्यसंगीताची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून दोनच वाक्यं. जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चं नाटक २०१५ मध्ये सिनेमा झालं तेव्हा वसंतराव देशपांडे यांचा नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकीबुवांचा शिष्य महेश काळे त्यात गायले. काळे यांना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मोबाइलवर गाणी ऐकणारी पोरं सुरांच्या जुगलबंदीवर टाळ्या पिटू लागली.

जाता जाता

सिल्वासाला गेलात तर तिथलं आदिवासी वस्तुसंग्रहालय जरूर बघा. मुखवटे आहेत, दागिने आहेत, वाद्यंही आहेत. पण काचेमागची वाद्यं गप्प असतात. भात कापून झाल्यावर, दिवाळीच्या सुमाराला, खानवेल-दुधनीकडच्या कुठल्याही पाड्यावर ओळख काढा आणि रात्री थांबा. तिथे मोबाइल खिशात ठेवा, चपला काढा आणि साखळीत शिरा. सूर बदलला की वळा. तारप्याकडे पाठ करू नका.